शिकागोची 'वॉल ऑफ रिस्पेक्ट' (१९६७) : एका भित्तिचित्रातील प्रतीकांचे ऐतिहासिक वाचन

सार्वजनिक भिंतीवरील चित्राचा अर्थ लावताना अभ्यासक बहुधा चित्रातील प्रतिमांपासून सुरुवात करतात. उगारलेली मूठ म्हणजे प्रतिकार, तुटलेली साखळी म्हणजे मुक्ती, अशी समीकरणे मांडली जातात. ती चुकीची नसली तरी अपुरी आहेत. चित्रात कोणाला स्थान मिळाले, कोणाला नाकारले गेले आणि कोणाला नंतर पुसले गेले, हा प्रश्न इतिहासाच्या अभ्यासकास अधिक महत्त्वाचा वाटावयास हवा. प्रस्तुत लेखात या दृष्टीने शिकागोतील 'वॉल ऑफ रिस्पेक्ट' या भित्तिचित्राचा विचार केला आहे.

शिकागोच्या दक्षिण भागातील कृष्णवर्णीयांच्या वस्तीत, ४३ वा रस्ता व लँगली ॲव्हेन्यू यांच्या कोपऱ्यावरील एका जीर्ण दुमजली इमारतीवर १९६७ च्या उन्हाळ्यात हे चित्र साकारले. 'ऑर्गनायझेशन ऑफ ब्लॅक अमेरिकन कल्चर' या संघटनेच्या दृश्यकला गटातील विल्यम वॉकर, जेफ डोनाल्डसन, वॉड्सवर्थ जॅरेल, बार्बरा जोन्स-होगू आदी कलावंतांनी ते रंगविले. संघटनेच्या आद्याक्षरांचा उच्चार 'ओबासी' असा केला जाई. त्यात योरुबा भाषेतील 'ओबा', म्हणजे राजा, हा शब्द ध्वनित होतो. कृष्णवर्णीय जीवनातील पन्नासहून अधिक स्त्री-पुरुष या भिंतीवर होते आणि संगीत, नाट्य, साहित्य, धर्म, क्रीडा, राजकारण असे त्यांचे विभाग पाडलेले होते. रंगचित्रांच्या जोडीने प्रत्यक्ष छायाचित्रेही भिंतीवर लावली होती.

मुहम्मद अली येथे विजेत्याच्या आवेशात दिसतो. त्याच वर्षी सैन्यभरतीस नकार दिल्यामुळे त्याचे विजेतेपद काढून घेण्यात आले होते. राज्यसंस्थेने हिरावलेला मान वस्तीने भिंतीवर परत दिला, असे येथे म्हणता येईल. शीर्षकातील 'आदर' हा शब्द या अर्थाने वाचला पाहिजे. कवयित्री ग्वेंडोलिन ब्रुक्स यांचे चित्र या भिंतीवर होते, आणि भिंतीच्या समर्पण-सोहळ्यात त्या स्वतः उपस्थितही होत्या.

मार्टिन ल्यूथर किंग यांना मात्र स्थान नव्हते. १९६६ मध्ये त्यांनी याच शहरात गृहनिर्माणातील भेदभावाविरुद्ध आंदोलन चालविले होते, हे लक्षात घेतल्यास ही अनुपस्थिती बोलकी ठरते. माल्कम एक्स, मार्कस गार्वी, स्टोकली कारमायकल ही नावे निवडणाऱ्या कलावंतांना किंग यांचा मार्ग अतिसौम्य वाटत होता. भिंत त्यामुळे समग्र समाजाची नव्हे, तर समाजातील एका विशिष्ट भूमिकेची साक्ष देते. (मुंबईत १९७२ मध्ये स्थापन झालेल्या दलित पँथरने आपले नाव अमेरिकेतील ब्लॅक पँथरवरून घेतले. त्यामुळे हा वैचारिक काळ मराठी वाचकास सर्वस्वी परका नाही.)

धर्मविभागात वॉकरने प्रथम एलिजा मुहम्मद यांना रंगविले होते. ज्या भिंतीवर माल्कम एक्स आहे तेथे आपली प्रतिमा नको, असा त्यांचा आक्षेप आल्यावर ती जागा गुलामांच्या उठावाचा नेता नॅट टर्नर याला मिळाली. याहून गंभीर प्रसंग राजकीय नेत्यांच्या विभागाचा. नॉर्मन पॅरिश याने रंगविलेला हा भाग त्याच वर्षी त्याच्या संमतीविना पांढरा करण्यात आला आणि यूजीन 'इडा' वेड याने तो नव्याने रंगविला. यावरून गटात तीव्र मतभेद झाले व गट विस्कळीत झाला. आदराची भिंत उभारताना सहकारी कलावंताचाच अनादर व्हावा, हा विरोधाभास गौरवपर लेखनात सहसा ओझरता येतो. माझ्या मते या चित्राच्या अन्वयार्थात त्याला मध्यवर्ती स्थान द्यावयास हवे. चित्रावर कोणीही वैयक्तिक श्रेय सांगावयाचे नाही, असे ठरलेले होते. परंतु सामूहिकतेच्या त्या तत्त्वाने एकाच्या कामावर चुना फिरविण्याचा अधिकार कोणास मिळतो, याचे उत्तर दिलेले नव्हते.

पुढील काही वर्षांत भिंतीचे आणखी भाग बदलले. १९७१ मध्ये इमारतीला आग लागली व त्यानंतर ती पाडण्यात आली. आज अभ्यासकाच्या हाती केवळ छायाचित्रे आहेत, आणि १९६७ च्या मध्यास टिपलेली भिंत व वर्ष-दोन वर्षांनंतरची भिंत यांत वेगवेगळे चेहरे दिसतात. त्यामुळे या चित्रातील एखाद्या प्रतीकाविषयी विधान करण्यापूर्वी समोरचे छायाचित्र कोणत्या काळातील आहे, हे आधी निश्चित करावे लागते.