पडताळ्यातला ताळा

पनवेलच्या टपाल नाक्यावर काय किंवा नवीन पनवेलात काय, संगणक दुरुस्तीच्या दुकानात ‘बूटेबल पेनड्राइव्ह’ म्हटले की लगेच कळते. लिनक्सची आयएसओ इमेज त्यावर लिहायची. पण ती नीट उतरली का, हे पाहण्याला ‘व्हेरिफाय’ आणि ‘चेकसम’ असेच शब्द कानावर येतात. मराठीत त्यांना नेमके शब्द आहेत, पडताळा आणि ताळा, आणि ते वापरात यावेत असे मला मनापासून वाटते.

गणित सुटले की ताळा करून पाहायचा, ही शाळेतली जुनी शिस्त. ४७ गुणिले ३५ म्हणजे १६४५. अंकांची बेरीज करत एका अंकावर यायचे. ४७ चे २, ३५ चे ८, त्या दोघांच्या गुणाकाराचे ७. इकडे १६४५ चेही ७. ताळा जुळला. चेकसमही हेच करतो, भल्यामोठ्या ऐवजाची छोटी खूण काढून दोन्हीकडे जुळवतो. मात्र शाळेतला ताळा भाबडा. चुकून १४६५ लिहिले तरी ७ च येतात. ‘शा-२५६’ हा चेकसम असा फसत नाही. फाइलीतला एक बिट बदलला तरी त्याची ६४ अक्षरे पार वेगळी होतात.

‘पडताळा’तले ‘पड’ त्याहून रंजक. संस्कृत ‘प्रति’चे प्राकृतात ‘पडि’ झाले, म्हणून प्रतिशब्दाचा पडसाद आणि प्रतिच्छायेची पडछाया. पडताळ्यातही तेच ‘पड’ असावे. ‘प्रत’ आणि ‘प्रतिमा’ही याच घरातल्या. प्रतिमेतला ‘मा’ मोजण्याचा, ‘प्रमाण’मधला, मुळाच्या मापाने घडवली ती प्रतिमा. इमेजला याहून चपखल शब्द सापडणार नाही, कारण इमेज लिहिणारी ‘डीडी’ ही आज्ञा फाइली वेचून उचलत नाही, बूटच्या भागासकट बाइटमागून बाइट उतरवते.

म्हणून पडताळाही मापानेच घ्यावा लागतो. पेनड्राइव्ह इमेजपेक्षा मोठा. सगळ्याचा ताळा काढला तर तो जुळणार नाही. इमेजचे जितके बाइट, तितकेच सुरुवातीपासून परत वाचायचे. त्याआधी पेनड्राइव्ह काढून पुन्हा लावावा, नाहीतर संगणक स्वतःच्या मेमरीत उरलेलेच वाचून दाखवण्याची शक्यता असते. ‘एचर’ हे इमेज लिहिण्याचे सॉफ्टवेअर मात्र लिहून झाल्यावर आपणहून पडताळते.

एवढे जुळूनही यंत्र सुरू होईलच असे नाही. जुन्या बायोसवर आणि यूईएफआयवर, दोन्हीकडे प्रत्यक्ष लावून पाहायचे, ती कसोटी. हा शब्द ‘कषपट्टिका’वरून आला, सोने घासून पाहायच्या दगडावरून, तिथे आकडेमोड चालत नाही, घासूनच पाहावे लागते.