हद्दपारीची उलटी वाट

‘तडीपार’ हा शब्द आपल्याकडे पोराटोरांनाही ठाऊक आहे. १९५१ च्या मुंबई पोलीस कायद्याने गुंडाला जिल्ह्याबाहेर घालवता येते. शेजारच्या जिल्ह्यात जाऊन तो काय करतो, ते तेथल्या लोकांनी पाहावयाचे! हाच व्यवहार राष्ट्राराष्ट्रांत घडू लागला म्हणजे प्रश्न गंभीर होतो. परदेशातून येऊन राहिलेल्या माणसाने घोर अपराध केला, तर शिक्षेनंतर त्याला मायदेशी धाडावे काय? आम्ही याचा विचार ऑस्ट्रेलियाच्या इतिहासावरून करणार आहोत. कारण या प्रश्नाच्या दोन्ही बाजू त्या एका देशाने भोगल्या आहेत.

१७८८ च्या जानेवारीत अकरा जहाजे सिडनीच्या किनाऱ्याला लागली. तेव्हापासून १८६८ पर्यंत ब्रिटनने सुमारे १,६२,००० कैदी त्या खंडावर नेऊन टाकले. तेथील मूळ रहिवाशांना अर्थातच कोणी विचारले नाही. पुढे कैद्यांची आणि आपखुशीने आलेल्यांची मुले मोठी झाली आणि त्यांनाच ही आवक सलू लागली. न्यू साउथ वेल्सकडे कैदी पाठवणे १८४० मध्ये थांबले होते; ते पुन्हा सुरू करण्याचा घाट लंडनने घातला आणि जून १८४९ मध्ये ‘हॅशेमी’ हे जहाज सिडनीस आले. भर पावसात हजारो नागरिक धक्क्याजवळ जमले. तुमचे गुन्हेगार तुम्ही सांभाळा, आमच्या अंगणात आणू नका, हे त्यांच्या म्हणण्याचे सार. जे सभांना पुरते साधले नाही ते १८५१ मध्ये सापडलेल्या सोन्याने साधले. जेथे जाण्यासाठी लोक पदरमोड करतात, तेथे सरकारी खर्चाने पोहोचवणे ही शिक्षा कसली? १८५३ मध्ये टास्मानियाकडे जाणारी कैद्यांची जहाजे बंद झाली. पश्चिम ऑस्ट्रेलियाकडे मात्र ती आणखी पंधरा वर्षे जात राहिली.

आता याच देशाचा डिसेंबर २०१४ मधील कायदा पाहा. बारा महिने वा अधिक कैदेची शिक्षा होऊन तुरुंगात असलेल्या परकीय नागरिकाचा राहण्याचा परवाना रद्द केलाच पाहिजे, असे त्यात ठरले. निर्णय फिरवण्यासाठी त्याने अर्ज करावयाचा. याचा मोठा फटका बसला तो न्यूझीलंडच्या लोकांना. दोन देशांत येणेजाणे मोकळे, त्यामुळे लहानपणी आलेल्या कित्येकांनी नागरिकत्वाचे कागद कधी केलेच नव्हते.

कायदा कडक होण्यापूर्वीचे एक प्रकरण आमच्या मनातून जात नाही. स्वीडनमध्ये जन्मलेले सत्तावीस दिवसांचे मूल ऑस्ट्रेलियात आले, तेथेच वाढले आणि पुढे अमानुष गुन्हे करून बसले. त्या गुन्ह्यांबद्दल आम्ही सौम्य शब्द काढणार नाही. २००६ मध्ये त्याला स्वीडनला पाठवले. स्वीडिश भाषा त्याला येत नव्हती! २०११ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क समितीने, ऑस्ट्रेलिया हाच त्याचा स्वतःचा देश होता, असा निष्कर्ष काढला.

आमचे मत असे. प्रौढपणी आलेल्या माणसाने खून, बलात्कार केला, तर शिक्षा भोगल्यावर त्याला परत धाडण्यात अन्याय नाही. पीडितेला तो रोज बाजारात दिसावा, हा हट्ट कोणी धरू नये. मात्र तेथे छळाचे वा मृत्यूचे भय असेल, तर धाडू नये. पण जो त्या देशाच्या शाळेत, गल्लीत आणि सुधारगृहात घडला, तो त्या देशाचाच. पारपत्र दुसऱ्याचे आहे एवढ्यावरून त्याला शेजाऱ्याच्या दारात सोडणे म्हणजे आपला कचरा वाऱ्यावर उधळणे होय. न्यूझीलंडला अशा परतलेल्यांवर देखरेख ठेवण्यासाठी २०१५ मध्ये वेगळा कायदा करावा लागला. फेब्रुवारी २०२० मध्ये पंतप्रधान जॅसिंडा आर्डर्न यांनी सिडनीतच, यजमान पंतप्रधानांच्या शेजारी उभे राहून, तुमची माणसे आणि तुमचे प्रश्न आमच्याकडे धाडू नका, असे सुनावले. १८४९ च्या धक्क्यावरचेच हे गाऱ्हाणे, फक्त आता ते सिडनीविरुद्ध होते.

२०२३ मध्ये ऑस्ट्रेलियाने, देशात काढलेल्या वर्षांना अधिक वजन द्यावे, असा आदेश काढला. काही गंभीर गुन्हेगारांचे परवाने त्यामुळे परत मिळाल्याचे दिसताच लोक खवळले, आणि जून २०२४ मध्ये तो आदेश बदलून समाजाच्या सुरक्षिततेला अग्रक्रम देणारा नवा आदेश आला.