गोळीला चरबी लावायचीच कशाला? १८५७च्या काडतुसामागचं विज्ञान आणि अंबाजोगाईची घोडदळ छावणी

शाळेतलं उत्तर आपल्या सगळ्यांना पाठ आहे : काडतुसांना गाय आणि डुकराची चरबी लावल्याची बातमी पसरली आणि १८५७चा उठाव पेटला. पण मुळात बंदुकीच्या गोळीला चरबी लावायची गरज काय, हा प्रश्न वर्गात कुणी विचारल्याचं आठवतंय का? गोळी काय धपाटं आहे, तेल लावून भाजायला?

हा प्रश्न अंबाजोगाईकरांच्या तर अगदी जवळचा. निजामाच्या काळात या गावाचं नाव मोमिनाबाद होतं आणि इथे हैदराबाद कंटिन्जंटच्या घोडदळाची छावणी होती. फौज नावाला निजामाची, पण अधिकारी इंग्रज.

आधी दारूचं गणित

त्या काळची दारू म्हणजे काळी दारू : साधारण ७५ टक्के सोरा, १५ टक्के कोळसा आणि १० टक्के गंधक. ती पेटली की सगळी वायू होऊन उडून जात नाही. निम्म्याहून जास्त वजन राख आणि क्षारांच्या रूपात उरतं. त्यातलं बरंच धुराबरोबर बाहेर जातं, पण उरलेलं नळीच्या आतल्या बाजूला चिकटतं. हवा दमट असेल तर हा थर ओलसर राहतो. मात्र मराठवाड्यातल्या एप्रिल-मेच्या कोरड्या उन्हात तो जळलेल्या दुधाच्या खरवडीसारखा घट्ट बसतो. पाच-दहा बार झाले की पुढची गोळी आत जायलाच तयार होत नाही.

जुन्या ठासणीच्या बंदुकीत हे चालून जायचं. तिची नळी आतून गुळगुळीत आणि गोळी नळीपेक्षा बरीच लहान असायची. ती सैल बसायची, म्हणून नेमही तसाच सैल!

१८५३च्या एन्फिल्ड रायफलने हे बदललं. तिच्या नळीत तीन पीळदार खाचा होत्या. नळीचा व्यास ०.५७७ इंच, तर गोळीचा ०.५६८ इंच. फरक पाव मिलिमीटरच्या आसपास. गोळी मऊ शिशाची आणि मागून पोकळ. बार उडाला की दाबाने तिचा मागचा भाग फुगायचा, खाचांत घट्ट बसायचा आणि गोळी स्वतःभोवती फिरत सरळ जायची. शिसं मऊच हवं, कारण कडक धातू फुगत नाही. पण इतक्या कमी फटीत जळकी खरवड साचली तर गोळी ठासणार कशी? म्हणून वंगण. ते गोळीला आत सरकवतं आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे खरवड मऊ ठेवतं. मग पुढची गोळीच मागची घाण पुसत जाते.

मग चरबीच का?

खरं तर चरबीच हवी असं काही नव्हतं. ठरलेल्या मिश्रणात जनावराची चरबी जास्त आणि मधमाशांचं मेण थोडं होतं. चरबी कुठल्या जनावराची, हे मात्र कुणी नीट बंधन घालून ठरवलंच नाही. काडतूस म्हणजे कागदाची पुडी. ती दाताने फाडायची, दारू नळीत ओतायची आणि वंगण लावलेल्या कागदासकट गोळी वरून ठासायची. ज्या शिपायाचा धर्मच तोंडाला काय लागतं यावर टिकून होता, त्याच्यासाठी ही कवायत म्हणजे संकट होतं.

गंमत म्हणजे उपाय शिपायांनीच सुचवला होता. जानेवारी १८५७मध्ये कलकत्त्याजवळच्या डमडमला त्यांनी सांगितलं, मेण आणि तेल वापरा. तांत्रिकदृष्ट्या सूचना पूर्णपणे योग्य होती. त्याच महिन्यात काडतुसं कोरडी द्यावीत आणि वंगण शिपायांनी स्वतः लावावं, असा हुकूमही निघाला. पण एव्हाना विश्वास उडाला होता. फेब्रुवारीत बराकपूरला संशय थेट काडतुसाच्या चकचकीत कागदावर गेला. माझ्या मते इथे चूक रसायनाची नव्हतीच, न विचारता ठरवण्याची होती.

आणि मोमिनाबाद?

इथली गोष्ट मात्र पाठ्यपुस्तकासारखी नाही. मोमिनाबादहून औरंगाबादला हलवलेली पहिली घोडदळ पलटण जून १८५७मध्ये बिथरली. पण इथे काडतुसापेक्षा मोठं कारण होतं ते आपल्याला दिल्लीच्या बादशहाविरुद्ध लढायला नेणार, ही बातमी. पुण्याहून जनरल वुडबर्नची फौज आली आणि बंड मोडलं. औरंगाबादेत ज्या काळ्या चबुतऱ्यावर बंडवाल्यांना मारलं, ती जागा म्हणजे आजचा क्रांती चौक.

पुढे वंगणाचं काय झालं?

पुढे इंग्रजांनी गोळी ०.५५० इंचांवर आणली आणि चरबी सोडून मेणाकडे वळले. कारण धार्मिक तेवढंच व्यावहारिकही होतं. साठवणीत चरबी खवट होते, तिच्यातली आम्लं शिशाला खातात आणि गोळीवर पांढरा थर धरून ती फुगते. मेण तसं करत नाही. ते ६० अंशांच्या पुढेच वितळतं, त्यामुळे उन्हात ओघळतही नाही.

१८७१च्या मार्टिनी-हेन्रीत पितळी काडतूस आलं. त्यात ८५ ग्रेन म्हणजे साडेपाच ग्रॅम दारू आणि ४८० ग्रेनची, म्हणजे ३१ ग्रॅमची गोळी. शिसं बारा भाग, कथील एक भाग. दारू वाढली होती, म्हणून गोळी थोडी कडक करावी लागली. गोळीभोवती कागद आणि मागे मेणाची चकती.

आजही अमेरिका-युरोपात काळ्या दारूच्या काडतुसांची नेमबाजी हा खेळ आहे आणि तिथले नियम जवळपास तेच आहेत. गोळी नळीच्या खाचांत घट्ट बसेल इतकी, किंचित मोठी. मिश्रण शिसं-कथलाचं, बहुतेकदा वीस किंवा तीसास एक. गोळीच्या अंगावरच्या खाचा वंगणाने भरलेल्या. नळी जितकी लांब, तितकं वंगण जास्त. गोळीबारानंतर नळीच्या तोंडाशी वंगणाची चांदणी उमटली तर ते शेवटपर्यंत पुरलं असं समजायचं. खनिज तेल सहसा टाळतात, कारण काळ्या दारूबरोबर जळून त्याचं डांबरासारखं चिकट होतं. मेण आणि वनस्पती किंवा प्राण्यांचं तेल हीच जोडी टिकून आहे. दोन बारांच्या मध्ये काही नेमबाज नळीत चक्क फुंकर मारतात. श्वासातल्या वाफेने खरवड ओली होते, बस्स.

आपल्याकडे मात्र दारूगोळा बाळगायला शस्त्र अधिनियम, १९५९नुसार परवाना लागतो. जुन्या वाड्याच्या माळ्यावर एखादं हिरवट पडलेलं काडतूस सापडलंच, तर ते उघडून मेण शोधत बसू नका. पोलिसांना कळवा. काळी दारू कोरडी राहिली तर शंभर वर्षांनीही पेटते.