विजेची गाडी आणि परळीचे पाणी

परवा पुतण्या लातूरहून आला. दवाखाना त्याचा लातुरात. आई, म्हणजे आमच्या वहिनी, इथे नांदेडला माझ्याकडे. रात्री-अपरात्री फोन गेला की बिचारा सुमारे १४० किलोमीटर गाडी हाकत येतो. बारा वर्षांची डिझेल गाडी आता दमली आहे. "काका, विजेची घेतो. दोन बघून ठेवल्यात," म्हणत त्याने कागद पुढे केला.

पहिली मर्सिडीजची ईक्यूएस ५८०. २०२२ मध्ये चाकणला तिची जुळणी सुरू झाली तेव्हा किंमत १ कोटी ५५ लाख. दुसरी बीएमडब्ल्यूची आय ७. जानेवारी २०२३ मध्ये भारतात आली, १ कोटी ९५ लाखांना. (माझा जन्माचा पगार एकत्र केला तरी... असो.) एका चार्जिंगमध्ये पहिली ८५७ किलोमीटर, दुसरी ६२५. साहजिकच पहिलीवर खूण होती. मी मास्तर, तपासल्याशिवाय राहवेना. पहिला आकडा आपल्याकडच्या एआरएआयचा, दुसरा युरोपात चालणाऱ्या डब्ल्यूएलटीपी चाचणीचा. पेपर वेगळा, परीक्षक वेगळा, मग नंबर कसा काढायचा? शिवाय नांदेडला येऊन-जाऊन २८० किलोमीटर. दोघीही सहज पास!

ही तुलना मुळात शंभर वर्षांहून जुनी. १९०० साली अमेरिकेत पेट्रोलपेक्षा विजेच्या गाड्या जास्त बनल्या. खुद्द हेन्री फोर्डची पत्नी क्लारा डेट्रॉइट इलेक्ट्रिक चालवायची. पेट्रोल गाडीला हँडल मारावे लागे, हिला नाही. १९१२ च्या कॅडिलॅकमध्ये चार्ल्स केटरिंगचा विजेवरचा स्टार्टर आला आणि ते हँडलही गेले. पण माझ्या मते खरा घाव वेगळाच. शहराबाहेर वीजच नव्हती. पेट्रोलचा डबा मात्र कुठल्याही खेड्यात ठेवता येई.

वीज कशी येते, हे मराठवाड्याला कोणी शिकवायला नको. २०१५ च्या जुलैत पाण्याअभावी परळीचे औष्णिक केंद्र बंद पडले. एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आले, पहिल्या खेपेला ५ लाख लिटर. परळी बंद म्हणून लातूर लगेच अंधारात जात नाही, राज्यभर तारांचे जाळे आहे, हे खरे. पण वादळात तार तुटली की जाळे काय कामाचे?

मी हिशेब मांडला. ईक्यूएसची बॅटरी १०७.८ युनिटांची. घरच्या प्लगवर तासाला ३ युनिट धरली तर ३६ तास. थ्री फेजवर ११ किलोवॉटचा चार्जर बसवला तर दहा.

"बॅटरी उतरलेली, लाइट गेलेली आणि त्याच रात्री आईसाठी यायचे झाले तर?"

"दवाखान्यात जनरेटर आहे की, काका."

"तो कशावर चालतो?"

"डिझेलवर," म्हणाला आणि हसत सुटला.

निघताना त्याने कागदावरची खूण खोडली. मागच्या बाजूला लिहिले, 'थ्री फेज – महावितरणला विचारणे.' वहिनींच्या पाया पडून जुनी गाडी सुरू केली. दुसऱ्या खेपेला लागली.