नकाशाखंड-वितरण
नकाशाखंड-वितरण : विस्तृत नकाशाचे क्रमांकित चौकोनी तुकडे करून ते मागणीनुसार पुरविण्याची पद्धती. तिचे मूळ छापील नकाशांत आढळते. भारतीय सर्वेक्षण विभाग (स्थापना १७६७) चार अंश लांबीरुंदीच्या पत्रकाचे १६ व त्या प्रत्येकाचे पुन्हा १६ भाग पाडतो. मुंबई–गोवा महामार्गापासून अलिबागचा रस्ता जेथे फुटतो, ते रायगड जिल्ह्यातील वडखळ (ता. पेण) यानुसार ‘४७ एफ/२’ या पत्रकात येते. किनारपट्टीचे असे तपशीलवार नकाशे दीर्घकाळ निर्बंधित होते. २००५ च्या राष्ट्रीय नकाशा धोरणाने जनतेसाठी खुली पत्रकमाला आणली. २०२१ च्या मार्गदर्शक तत्त्वांनी भारतीय संस्थांवरील पूर्वपरवानगीचे बंधन सामान्यतः दूर केले.

संगणकीय पद्धतीत प्रारंभीच्या पातळीवर ध्रुवप्रदेश वगळता सारे जग २५६ × २५६ बिंदूंच्या एका खंडात मावते. पुढील प्रत्येक पातळीवर खंडांची संख्या चौपट होते. पातळी, स्तंभ व ओळ या तीन अंकांनी खंड ओळखला जातो. २००४ मध्ये सुरू झालेल्या ओपनस्ट्रीटमॅपची मुक्त माहिती पोस्टजीआयएस या माहितीकोठारात भरून लिनक्स संगणकावर मॅपनिक या आज्ञावलीने खंड रेखाटता येतात. रेखाटलेले खंड पुनर्वापरासाठी साठवितात. त्यामुळे खारबंदिस्ती, पाणंदी यांसारखे तपशील नोंदवून गावाचा नकाशा स्वतःजवळ राखणे स्थानिक संस्थांच्याही आवाक्यात आले आहे.