संगीतसभांच्या भित्तिपत्रकांतील अक्षररचना

संगीतसभेचा दिवस, वेळ, स्थळ व कलावंत यांची माहिती देणाऱ्या भित्तिपत्रकासाठी अक्षरवळणांची केलेली निवड व मांडणी. या अक्षरांवर दुहेरी जबाबदारी असते : मजकूर वाचला गेला पाहिजे आणि संगीताची प्रकृतीही नजरेला जाणवली पाहिजे. या दोन गरजांत पूर्वीपासून ओढाताण होत आली असून, तिच्या सोडवणुकीचे भिन्नभिन्न मार्ग म्हणजेच या प्रकाराचा इतिहास होय.

मोठ्या आकाराचे शिशाचे खिळे जड, महाग व ओतण्यास अवघड असत. न्यूयॉर्कच्या डेरिअस वेल्सने १८२७ मध्ये लाकडी खिळे यंत्राने कोरण्याची पद्धत काढल्यावर वीतभर व त्याहूनही उंच अक्षरे सहज उपलब्ध झाली. प्रमुख कलावंताचे नाव सर्वांत मोठ्या खिळ्यांत आणि इतर ओळी कागदाच्या रुंदीत नेमक्या बसतील अशा निरनिराळ्या खिळ्यांत जुळविण्याची प्रथा पडली. मजकुराची उतरंड त्यामुळे स्पष्ट होई; परंतु सर्कस, नाटक व संगीतसभा यांची पत्रके बहुधा सारखीच दिसत. ही मर्यादा शिलामुद्रणाने दूर केली. कारण त्यात चित्र व अक्षरे शिळेवर एकत्रच रेखाटता येत. पॅरिसच्या ‘मूलँ रूझ’ या नृत्यगृहासाठी तूलूझ-लोत्रेकने १८९१ मध्ये केलेल्या भित्तिपत्रकात हे नाव तीनदा येते. मात्र तिन्ही ओळींना मिळून आद्याक्षर एकच आहे. व्हिएन्नातील आल्फ्रेट रोलरने १९०३ च्या ‘सेसेशन’ प्रदर्शनाच्या भित्तिपत्रकात प्रत्येक अक्षर भरीव चौकोनी ठोकळ्यासारखे काढले. अक्षरांमधील मोकळ्या जागा केवळ फटींएवढ्या उरल्याने दुरून तो मजकूर नक्षीच भासतो.

झुरिक येथील ‘टोनहाले’ या संगीतगृहासाठी योझेफ म्यूलर-ब्रॉकमान (१९१४–९६) याने १९५० नंतरच्या दोन दशकांत याच्या अगदी विरुद्ध मार्ग स्वीकारला. चित्र वगळून त्याने अमूर्त आकृती योजल्या व मजकुरासाठी ‘आक्त्सिडेंट्स ग्रोटेस्क’ हे फराटे नसलेले साधे वळण निवडले. बेथोव्हनच्या संगीतासाठी केलेल्या १९५५ च्या भित्तिपत्रकात वर्तुळखंडांची रचना गणिती प्रमाणात वाढत जाते आणि लहान अक्षरांतील मजकूर रिकाम्या जागेत शांतपणे विसावतो. पुढील काही पत्रकांत तर अक्षरांखेरीज दुसरे काहीच नाही. त्यांच्यातील अंतरे व ओळींच्या सुरुवाती आडव्या-उभ्या रेषांच्या अदृश्य जाळ्यावर ठरविलेल्या असल्याने लय साधते. स्विस रस्त्यांवरील भित्तिपत्रकांचा आकार ९०.५ × १२८ सेंमी. असा ठरलेला होता. चालत्या पादचाऱ्याला मजकूर क्षणात कळणे तेथे आवश्यक होते.

सॅन फ्रॅन्सिस्कोतील रॉक संगीताच्या भित्तिपत्रकांनी वाचनसुलभतेचा हा दंडकच मोडला. बर्कली येथे १९६५ मध्ये भरलेल्या जर्मन भित्तिपत्रकांच्या प्रदर्शनाच्या पुस्तिकेतून वेस विल्सन (१९३७–२०२०) याला रोलरच्या अक्षरांचा परिचय झाला. ते ठोकळे वाकवून, फुगवून त्याने कोणत्याही आकृतीत भरले. ‘फिलमोर’ सभागृहासाठी १९६६ मध्ये त्याने हिरव्या पार्श्वभूमीवर लाल ज्वाळांच्या रूपात अक्षरे काढली. येल विद्यापीठात योझेफ आल्बर्सकडे शिकलेल्या व्हिक्टर मोस्कोसोने सारख्याच तेजाचे विरोधी रंग शेजारी ठेवून अक्षरांच्या कडा थरथरत्या केल्या. ही अक्षरे वाचण्यास वेळ लागे. तथापि पत्रके साधारणपणे ३५ × ५० सेंमी. एवढीच असून दुकानांच्या काचांवर लागत किंवा हातोहात वाटली जात. ज्या तरुणांसाठी ती होती, ते थांबून व पुनःपुन्हा पाहून मजकूर उलगडीत. दुर्बोधता हीच येथे निमंत्रणाची रीत ठरली.

झुरिकची शिस्त आणि सॅन फ्रॅन्सिस्कोचा स्वैरपणा परस्परविरोधी दिसले, तरी दोन्हींच्या मुळाशी एकच विचार आढळतो : पत्रक कोण, किती अंतरावरून व किती वेळ पाहणार, यावर अक्षरांचे वळण व मांडणी ठरते. सभेचा दिनांक उलटल्यावर पत्रकाचा उपयोग संपतो. त्यानंतरही ही पत्रके संग्रहालयांत जपली गेली, ती मजकुरासाठी नव्हे, तर त्यातील अक्षरांनी त्या संगीताला दिलेल्या दृश्य रूपासाठी.