पहिला गडी

नवा संघ उभारायचा झाला तर पहिला गडी कोणता उचलावा? प्रश्न पोरखेळातला दिसतो खरा. आमच्या नागपुरातल्या कोणत्याही शाळेच्या पटांगणावर संध्याकाळी जाऊन उभे राहा. दोन म्होरके समोरासमोर उभे असतात, बाकीची पोरे रांगेत असतात, आणि एकेका नावाची उचल सुरू होते. पहिला कोण उचलला जातो इकडे म्होरक्यांपेक्षा रांगेतल्या पोरांचेच डोळे अधिक लागलेले असतात. पुष्कळ वर्षे मास्तरकी केल्यावर माझ्या ध्यानात एक गोष्ट आली आहे. पहिला उचलला जाणारा मुलगा सर्वांत चांगला खेळणारा असतोच असे नाही. कधी तो बॅटीचा मालक असतो, कधी त्याच्या घरी खेळ संपल्यावर चिवडा मिळतो, आणि कधी त्याचे वडील शाळेच्या कमिटीवर असतात.

मुले हे कोणाकडून शिकतात, असा प्रश्न मला पडे. पुढे इतिहासाची पाने चाळताना वाटू लागले की या बाबतीत त्यांना कोणी शिकवायची गरजच नाही. थोरामोठ्यांनी हेच केले आहे.

अमेरिकेत त्यांच्या धाटणीचा फुटबॉल खेळतात. तो चेंडू लंबगोल असतो, आणि पायापेक्षा हातानेच अधिक खेळला जातो. पण नाव फुटबॉल! तेथील धंदेवाईक संघांनी १९३६ साली एक चमत्कारिक रीत पाडली. कॉलेजातून बाहेर पडणाऱ्या खेळाडूंची यादी करायची आणि संघांनी पाळीपाळीने एकेक नाव उचलायचे; त्यातही जो संघ गेल्या हंगामात तळाला असेल त्याची पाळी पहिली. रीत न्यायाची आहे, यात शंका नाही. त्या पहिल्या वर्षी पहिले नाव उचलले गेले ते शिकागोच्या जे बरवँगर या तरुणाचे. कॉलेजातला तो सर्वांत नावाजलेला गडी. पण हा पठ्ठ्या धंदेवाईक फुटबॉलचा एकही सामना कधी खेळला नाही! त्याने सरळ व्यापार-उदीम पत्करला. पहिला गडी निवडला, पण तो मैदानात उतरलाच नाही.

आपल्याकडे मात्र उलटा मासला पाहायला मिळतो. ज्याला मैदानात उतरण्याचे विशेष कारण नव्हते, तोच पहिला निवडला गेला.

१९११ साली हिंदुस्थानचा म्हणून पहिला क्रिकेट संघ इंग्लंडला गेला. त्याचे कर्णधार कोण? पतियाळाचे महाराज भूपिंदरसिंग. वय वर्षे एकोणीस. खेळाची आवड त्यांना होती, पण विलायतेत मेजवान्या आणि भेटीगाठी यांतून सामन्यांना सवड थोडी उरे. सर्व सामन्यांत मिळून शंभरावर बळी घेऊन ज्याने त्या दौऱ्याची अब्रू राखली, तो होता बाळू पालवणकर. चर्मकार समाजातला हा डावखुरा फिरकी गोलंदाज पुण्यात गोऱ्या साहेबांच्या क्लबात खेळपट्टीची निगा राखण्याच्या नोकरीवर होता आणि साहेबांना सरावासाठी चेंडू टाकता टाकता तरबेज झाला होता. पुण्याचे हिंदू त्याला संघात घेत, त्याच्या चेंडूवर विजय मिळवीत. पण चहाच्या वेळी त्याचा चहा तंबूच्या बाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यात येई. हिंदू संघाचे कर्णधारपद त्याला कधी दिले गेले नाही. त्याचा धाकटा भाऊ विठ्ठल याला ते मिळाले, तेव्हा १९२३ साल उजाडले होते. बाळूची उमेद तोवर सरली होती.

हे एवढे सांगितले, कारण आमच्या नागपूरच्या गड्याची गोष्ट या पार्श्वभूमीवर ठेवून पाहिल्याशिवाय तिची चव कळत नाही.

कोट्टारी कनकय्या नायडू यांचा जन्म ३१ ऑक्टोबर १८९५ रोजी नागपुरात झाला. घराणे तेलुगू, पण नागपुरात मुरलेले. आजोबा नारायणस्वामी नायडू हे येथले नामांकित वकील आणि काँग्रेसच्या आरंभकाळातले पुढारी. म्हणजे घर खाऊनपिऊन सुखी आणि प्रतिष्ठित. परंतु राजघराणे नव्हे, हे ध्यानात ठेवावे. हा मुलगा येथल्याच मैदानांवर वाढला, हिस्लॉपमध्ये शिकला. १९१६ साली मुंबईला हिंदू संघाकडून युरोपियनांविरुद्ध तो पहिल्यांदा उतरला, तेव्हा त्याचा क्रम होता नववा. सात गडी बाद झालेले. पहिले तीन चेंडू त्याने सभ्यपणे अडविले आणि चौथा सीमेपार भिरकावून दिला. आल्याआल्या षट्कार!

१९२३ साली इंदूरचे तुकोजीराव होळकर यांनी नायडूंना आपल्या दरबारी बोलावून घेतले आणि होळकरांच्या फौजेत कप्तानाचा हुद्दा दिला. पुढे ते कर्नल झाले आणि ‘कर्नल सी. के.’ हेच नाव लोकांच्या तोंडी राहिले. आता कोणी म्हणेल, हाही राजाश्रयच! आहेच मुळी. त्या काळी क्रिकेट खेळून पोट भरावयाचे तर राजाचे मीठ खाण्यावाचून गत्यंतर नव्हते. पण मीठ खाणारा आणि खाऊ घालणारा यांतला पहिला गडी कोणता, हे तुकोजीरावांनी बरोबर ओळखले. संघाचा नेता म्हणून त्यांनी स्वतःचे नाव पुढे केले नाही.

मग आला १ डिसेंबर १९२६. आर्थर गिलिगन यांच्या नेतृत्वाखाली विलायतेहून एम.सी.सी.चा संघ आला होता. मुंबईच्या जिमखान्यावर हिंदूंशी सामना. नायडूंनी ११६ मिनिटांत १५३ धावा काढल्या. त्यांत अकरा षट्कार आणि तेरा चौकार. त्याच महिन्यात प्राध्यापक देवधरांनी याच पाहुण्यांविरुद्ध १४८ धावा केल्या. पुण्याच्या कॉलेजात संस्कृत शिकविणाऱ्या गृहस्थाने साहेबाच्या गोलंदाजीची अशी टीका-टिप्पणीसह फोड करावी, हे पाहून मराठी माणसाची छाती फुगली असल्यास नवल नाही. गिलिगनसाहेब उदार मनाचे. हे लोक कसोटी खेळण्याच्या योग्यतेचे आहेत, असे त्यांनी मोकळेपणाने सांगितले आणि मंडळ स्थापन करण्यास उत्तेजन दिले. १९२८ च्या डिसेंबरात क्रिकेटचे नियामक मंडळ उभे राहिले, आणि १९३२ साली इंग्लंडला कसोटी खेळायला जायचे ठरले.

आता खरा पेच. अगदी नवा संघ. पहिला गडी कोण?

प्रथम हे सांगितले पाहिजे की अनेक चांगली नावे यादीत नव्हतीच. दुलीपसिंहजी आधीच इंग्लंडकडून कसोटी खेळून मोकळे झाले होते. पतौडीचे नबाबही त्याच वाटेने निघाले होते आणि त्याच वर्षाच्या शेवटी ते इंग्लंडच्या संघातून ऑस्ट्रेलियाला गेले. इकडे १९३२ च्या जानेवारीत गांधीजींना अटक झाली. देशातली माणसे तुरुंगात असताना विलायतेला खेळायला जाणे विजय मर्चंट आणि एल. पी. जय यांना प्रशस्त वाटले नाही. त्यांनी नकार दिला. ऐन उमेदीतला खेळाडू आयुष्यातली पहिली कसोटी सोडून देतो, यातला त्याग मला एखाद्या सत्याग्रहीच्या त्यागाहून फार कमी वाटत नाही. देवधर चाळिशीत पोहोचले होते, म्हणून राहिले. त्यांनीच पुढे १९३९-४० आणि १९४०-४१ अशी लागोपाठ दोन वर्षे महाराष्ट्राला रणजी करंडक जिंकून दिला, ही गोष्ट वेगळी.

अठरा जणांचा संघ ठरला. कर्णधार पतियाळाचे महाराज. त्यांना जमेना, तेव्हा पोरबंदरचे महाराज. उपकर्णधार त्यांचेच मेहुणे, लिंबडीचे घनश्यामसिंहजी. विजयानगरमच्या महाराजकुमारांसाठी उप-उपकर्णधार अशी एक जागा काढली होती. ती त्यांच्या मानाला पुरली नसावी, त्यांनी प्रकृतीच्या कारणाने अंग काढून घेतले. वाचकहो, गडी निवडण्याआधी सिंहासने मांडण्याचा हा प्रकार आहे! पोरबंदरच्या महाराजांनी त्या दौऱ्यावर प्रथम दर्जाच्या सामन्यांत एकूण दोन धावा काढल्या. त्यांच्या मोटारींची संख्या धावांहून मोठी, असा विनोद तेव्हा झाला. पण या माणसाविषयी मला आदर वाटतो. आपली कुवत काय, हे त्यांना ठाऊक होते. कसोटीच्या दिवशी त्यांनी आपण होऊन बाजूला सरायचे ठरविले. लिंबडीकर पाठीच्या दुखण्याने खेळू शकत नव्हते. मान आला नायडूंकडे.

आणि मग, असे सांगतात, की सामन्याच्या आदल्या रात्री काही खेळाडूंनीच बंड केले. राजा नसलेल्या माणसाच्या हाताखाली खेळायचे कसे? नायडूंची शिस्तही कडक. लोकप्रिय होण्याची कला त्यांना अवगत नव्हती. अखेर वरून दटावणी आली तेव्हा मंडळी वठणीवर आली म्हणतात. ही हकीकत पुरती खरी असो की थोडी रंगविलेली. ती लोकांना खरी वाटली, यातच त्या काळाचे चित्र आहे.

२५ जून १९३२. लॉर्ड्‌सचे मैदान. इंग्लंडचे होम्स आणि सटक्लिफ सलामीला आले. याच जोडीने अवघ्या दहा दिवसांपूर्वी यॉर्कशायरसाठी ५५५ धावांची भागी रचली होती. महंमद निसारने दोघांचेही त्रिफळे उडविले. वूली धावबाद झाला. तीन बाद १९! इंग्लंडचा पहिला डाव २५९ वर आटोपला. निसारचे पाच बळी. आपल्यातर्फे पहिला चेंडू खेळला तो पुणे जिल्ह्यातला जनार्दन नवले, आपला पहिला यष्टिरक्षक. आपल्या १८९ धावांत सर्वाधिक ४० नायडूंच्या. आणि त्याही क्षेत्ररक्षणात हाताला दुखापत झालेली असताना. सामना आपण १५८ धावांनी हरलो. अमरसिंगने दुसऱ्या डावात ५१ धावा फटकाविल्या, हे त्यातले समाधान.

आता माझा मूळ प्रश्न. कोऱ्या कागदावर त्या संघाचे पहिले नाव लिहायचे असते, तर ते कोणाचे लिहावे? आकडे काढून बसलो तर नायडूंची बाजू लंगडी पडते. निसारने सहा कसोट्यांत २५ बळी घेतले, अमरसिंगने सातांत २८. नायडूंच्या सात कसोट्यांतल्या धावा ३५०, सरासरी पंचविसाची. शिवाय वय. लॉर्ड्‌सवर उतरले तेव्हा ते सदतिसाव्या वर्षात होते. जाणता म्होरका निसारलाच उचलील. वेगवान गोलंदाज हा नव्या संघात दुर्मिळ माल असतो.

तरी मी नायडूंचेच नाव लिहीन. त्याचे कारण त्या दौऱ्याच्या पूर्ण हिशेबात आहे. प्रथम दर्जाच्या सामन्यांत त्यांनी १६१८ धावा केल्या, बत्तीस षट्कार मारले. विस्डेनने पुढच्या वर्षी त्यांना पाच मानकऱ्यांत बसविले. सव्वीस प्रथम दर्जाचे सामने झाले, त्यांतले नऊ जिंकले, आठ हरले. १९११ च्या संघाने असल्या चौदा सामन्यांपैकी दोन जिंकले होते. दिवसामागून दिवस, थंडीपावसात, अठरापगड भाषांच्या नि धर्मांच्या लोकांना एका रांगेत उभे करणारा कोणी तरी त्या संघात लागतच होता. निसारचा चेंडू त्याला बळी मिळवून देई. पण निसारला चेंडू केव्हा द्यावा आणि केव्हा काढून घ्यावा, हे ठरविणारा माणूस आधी हवा. शिवाय तो असा हवा की ज्याची आज्ञा आवडली नाही तरी मोडता येत नाही.

२००८ साली आयपीएलचा पहिला लिलाव झाला तेव्हा पहिले नाव पुकारले गेले ते शेन वॉर्नचे. तोही अडतिशीचा, आंतरराष्ट्रीय क्रिकेट सोडलेला. राजस्थानने त्याला साडेचार लाख डॉलरला घेतले. लोक हसले असतील. पण त्याच वर्षी तो संघ जिंकला. लिलावाचा बाजार मला रुचत नाही, माणसांची बोली ऐकून कसेसेच होते. मात्र त्या दिवशी राजस्थानवाल्यांना एवढे कळले होते खरे.

आपल्या मंडळाला मात्र ते चार वर्षांतच विसरायला झाले. १९३६ साली पुन्हा इंग्लंडचा दौरा, आणि कर्णधारपदी निवडून आले विजयानगरमचे महाराजकुमार. तीन कसोट्यांत त्यांच्या एकूण धावा ३३. नायडू त्यांच्या हाताखाली साधे खेळाडू म्हणून खेळले. लाला अमरनाथला दौऱ्याच्या मध्येच घरी पाठविण्यात आले. संघात दोन तट पडले. न्याहारीच्या मेजावर नायडूंचा अपमान करणाऱ्याला कसोटीत स्थान मिळाले, अशीही कथा सांगतात. ओव्हलच्या शेवटच्या कसोटीत ॲलनचा एक चेंडू नायडूंच्या छातीवर आदळला. ते तंबूत परतले नाहीत. ८१ धावा काढूनच परतले. ही त्यांची शेवटची कसोटी. नेतृत्व मिळाले ते उण्यापुऱ्या चार सामन्यांत.

इंदूरला मात्र १९२३ ची निवड फळत राहिली. नायडूंनी तेथे पोरवयातला मुश्ताक अली हेरला आणि घडविला. १९४१-४२ पासून होळकर संघ त्या नावाने रणजी करंडकात उतरला. चौदा हंगामांत दहा वेळा अंतिम सामना, चार वेळा विजय. १९४५-४६ साली म्हैसूरविरुद्ध त्यांनी आठ बाद ९१२ धावा केल्या, एका डावात सहा शतके. त्यांतले एक नायडूंचे. त्यानंतरचा अंतिम सामना बडोद्याशी. पन्नाशी ओलांडलेल्या कर्नलने त्यात २०० धावा काढल्या, आणि होळकरांनी पहिला करंडक घेतला. ज्या तुकोजीरावांनी पहिला गडी निवडला होता ते १९२६ सालीच गादीवरून उतरले होते. करंडक आला तेव्हा राज्य त्यांचे चिरंजीव यशवंतराव यांचे होते. पुढे या संघात डावखुरी गोलंदाजी करणारा हिरालाल गायकवाड खेळला. त्याचाही जन्म नागपूरचाच.